तेरा गुणांची आंबट बिअर

मी, लोथार रामथुन, वय वर्षे चौऱ्याहत्तर, कापडगिरणीच्या रंगखात्यातला निवृत्त मुकादम, राहणार पोमेरोदे, नदीपलीकडे, निळ्या खिडक्यांचे घर, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, हात फारसा थरथरत नाही आणि हा कागद लिहायला मला कोणी भरीस पाडलेले नाही. मी नशेत नाही हेही लिहावे लागते, असे वकील म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. तर तेही लिहितो. सकाळचे नऊ वाजले आहेत आणि या घरात पहिली बाटली अकराच्या आत उघडत नाही.

आमच्याकडे घरी लिहिलेले मृत्युपत्र तीन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावे लागते आणि तिघांनी त्यावर सही करावी लागते. साक्षीदार म्हणून मी आमच्या घरगुती बिअर मंडळातली दोन माणसे मुद्दाम बोलावली आहेत. ओस्निल्डो ग्यूट्स, निवृत्त दंतवैद्य, माझ्या बरोबरीचा परीक्षक; आणि रोझेली बुट्झके, जिची कोपऱ्यावर बेकरी आहे. तिसरा शेजारचा वाल्मोर. तो दिवसभर 'माते' नावाच्या पानांचा कडू काढा नळीने ओढतो आणि गेली वीस वर्षे मला विचारतो, की दुकानात मिळते ती गोष्ट माणूस घरी का करतो. मंडळातल्या माणसांसमोर सहावे कलम वाचणे मला जड जाणार आहे, म्हणूनच ती बोलावली.

माझी एकुलती एक मुलगी मार्लिझ हिने सहा वर्षांत या घरात पाऊल टाकलेले नाही. तिने परत यावे एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकी घरदार, भांडीकुंडी हा मजकूर कायद्याच्या समाधानासाठी.

कलम एक. घर मार्लिझला. कायद्याने अर्धे तिचेच आहे, उरलेले अर्धे माझ्या मर्जीचे, आणि माझी मर्जीही तिचीच आहे. स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत थोडी फुगली आहे. ती ओलीने नव्हे, २००६ साली चोवीस बाटल्या एका रात्रीत फुटल्या त्याने. माझी बायको एडेलट्राउड, देव तिला सुखात ठेवो, त्या भिंतीला पाहुण्यांसमोर 'लोथारचं पहिलं पारितोषिक' म्हणायची.

कलम दोन. साठ लिटरचे स्टीलचे पातेले, माल्ट भरडायची चक्की आणि थर्मामीटर लावलेला जुना फ्रीज, हे सर्व मार्लिझला. हे पातेले मी जेवणाच्या टेबलासाठी ठेवलेल्या पैशांतून आणले होते. त्यानंतर चार वर्षे आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो. एडेलट्राउड याबद्दल कधी बोलली नाही. ताट मात्र दर वेळी जरा जोरात ठेवायची.

कलम तीन. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, असे वकील सांगतात. तेव्हा ओस्निल्डोला मी काहीही देत नाही. बुचे दाबायचे माझे यंत्र त्याच्याकडे आठ वर्षांपासून आहे. 'पुढच्या रविवारपर्यंत दे' म्हणून नेले होते. कोणता रविवार ते त्याने सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते, ही चूक माझी.

कलम चार. पदके. एकूण अकरा. त्यांत सोन्याचे एकही नाही. दोन रुपेरी आहेत, त्यांतले एक अशा गटातले की ज्यात दोनच प्रवेशिका होत्या. बाकी नऊ उत्तेजनार्थ. आमच्या मंडळात उत्तेजनाचा सुकाळ आहे. जो वार्षिक वर्गणी भरतो आणि बाटलीत पाल सापडू देत नाही, त्याला उत्तेजन मिळतेच. ही पदके मार्लिझने हवी तर पडद्यांच्या कडांना वजन म्हणून शिवावीत. भिंतीवर मात्र लावू नयेत.

कलम पाच. माझ्या अंत्यविधीला मंडळातल्या कोणीही आपली बिअर आणू नये. आणली, तर सगळे प्रेताकडे पाठ करून फेसाची चर्चा करत बसतील. मी स्वतः तीन मित्रांच्या अंत्यविधीला हेच केले आहे. माझा पुतण्या वांडरलेई बिअरमध्ये बर्फ घालतो. त्याने यायला हरकत नाही, पण मागे उभे राहावे.

कलम सहा. इथे माझा आवाज बसला, तर पुढे वाल्मोरने वाचावे. त्याला यातले काही कळत नाही, त्यामुळे तो न अडखळता वाचेल.

२०१३ च्या जुलैत मला ताप आला. आठव्या दिवशी उठलो, कॉफी केली, कप तोंडाशी नेला आणि वास आला नाही. आधी वाटले कॉफी शिळी आहे. मग साबण हुंगला, रॉकेल हुंगले, कुत्रा हुंगला. काही नाही. अठ्ठावीस वर्षे रंगखात्यातली वाफ छातीत घेतली होती, उरलेसुरले तापाने नेले असावे. डॉक्टर म्हणाले, आता परत यायचे नाही.

त्याच्या आदल्याच महिन्यात मला मंडळाचा मुख्य परीक्षक नेमले होते. बारा वर्षे मी त्याची वाट पाहिली होती. गिरणी सुटली होती, एडेलट्राउड गेली होती, आणि रस्त्यात लोकांनी थांबून हात मिळवावा असे माझ्याजवळ एवढेच उरले होते. म्हणून मी कोणाला सांगितले नाही. मला भीती वाटली. दुसरे काहीही कारण नव्हते.

काम कसे केले तेही लिहितो. रंगखात्यात राहून डोळा तयार झालेला. पिवळ्याच्या अठरा छटा मी दिव्याशिवाय ओळखतो. पेला उजेडात धरायचा, गोल फिरवायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे, मनात चार अंक मोजायचे आणि एक उसासा टाकायचा. मग हळूच ओस्निल्डोच्या कागदात बघायचे. त्याने 'केळे' लिहिले असेल, तर मी लिहायचो, 'पिकलेले केळे, मागून किंचित लवंग.' अकरा वर्षे मी असा नाकाने कांदे सोलत आलो. माझी कीर्ती वाढली. ब्लुमेनाऊहून माणसे मला बाटल्या हुंगायला आणून देत.

मे २०१८. नेमबाजी क्लबच्या हॉलमध्ये आमची स्पर्धा. आमच्या नियमाप्रमाणे बाटल्या सगळ्या सारख्या तपकिरी, बुचे कोरी, वर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, हे एकट्या चिटणिसाला ठाऊक. आमच्या टेबलावर फळांच्या आंबट बिअर होत्या. तो आमच्या प्रांताचाच प्रकार आहे, पण माझ्या आजोबांच्या मते, आणि म्हणून माझ्याही, आंबट ते ताक. तेहतीस नंबर आली. रंग फिका, थोडी गढूळ. जिभेवर नुसता आंबटपणा. ज्याला वास येत नाही त्याला फळ कळत नाही, फक्त आंबट कळते, हे मला माहीत असायला हवे होते. ओस्निल्डो चष्मा पुसत होता. त्याचा कागद कोरा होता. म्हणून त्या दिवशी आधी मी लिहिले.

मी लिहिले: 'फळाचा मागमूस नाही. ओला पुठ्ठा, शिजवलेला मका आणि घोड्याच्या पाठीवरचे घामट घोंगडे. बनवणाऱ्याने दुसरा छंद शोधावा.' पन्नासपैकी तेरा गुण. त्याहून कमी देता येत नाहीत; तेरा हे सौजन्याचे गुण असतात, नुसती बाटली आणल्याबद्दल. खाली सही केली, तीही चांगली मोठी.

गुणपत्रिका टपालाने घरोघर जातात. चौथ्या दिवशी मार्लिझचा फोन आला. ती जॉईनविलेला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "बाबा, तेहतीस नंबर माझी होती. नाव न सांगता तुमच्याकडून खरं ऐकायचं होतं मला." त्या बिअरमध्ये तिने बुतिया घातली होती. तिच्या आईने परसात लावलेल्या झाडाची ती पिवळी फळे, जी पिकली की सगळ्या गल्लीला कळते. उन्हाळ्यात ती फळे तिने माझ्यासमोर तोडून नेली होती आणि मी मुरंब्याला म्हणून समजलो होतो.

एक वाक्य बोललो असतो तर भागले असते. मी म्हणालो, "परीक्षकाचा निकाल अंतिम असतो." ती "बरं" म्हणाली. पुढच्या महिन्यात तिने आपली बिअरची भांडी विकली. तेव्हापासून नाताळला आणि ईस्टरला फोन येतो. ती माझे ब्लडप्रेशर विचारते, मी आकडा सांगतो, संपले.

म्हणून मी जाहीर करतो की ती गुणपत्रिका रद्दबातल आहे. सही माझी आहे, पण तिच्या वरचा एकही शब्द खरा नाही. ती बिअर चांगली होती की वाईट, मला माहीत नाही, कारण मी ती हुंगलीच नाही. टेबलावर मी मुलीचा अपमान केला तो नकळत. फोनवर केला तो कळून. पहिल्याची मला लाज वाटते, दुसऱ्याने मला झोप लागत नाही.

कलम सात. या कागदाची प्रत माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत मार्लिझला पोचवावी.

वाचनाच्या वेळी घडलेले. वकील म्हणतात, वर खाडाखोड करू नका, पुढे जोडा. म्हणून जोडतो.

आज, रविवारी, जेवणानंतर स्वयंपाकघरात मी वाचायला बसलो. रोझेलीने केक आणला होता. पदकांपर्यंत सगळे हसत होते. सहावे कलम मी स्वतःच शेवटपर्यंत वाचले. वाटले होते, ओस्निल्डो उठून निघून जाईल. तो टेबलावरचा कपडा बोटाने सारखा करत राहिला.

"लोथार, माझं नाक तर ब्याण्णव सालीच गेलं," तो म्हणाला. "दवाखान्यात लवंगेचं तेल हुंगून हुंगून. मी तुझ्या कागदात बघायचो."

मी विचारले, "मग केळं कुणाचं?"

"गव्हाची बिअर म्हटली की केळं लिहायचं, पुस्तकात तसंच असतं. तू त्यात लवंग घातलीस की मला वाटायचं, चला, बरोबर आलं."

वाल्मोरने नळी तोंडातून काढली आणि विचारले, की म्हणजे अकरा वर्षे या गावात बिअरचा वास नेमका कोणी घेतला? रोझेली केक कापायची थांबली होती.

"त्या दिवशी तुमच्या टेबलाची वाढपी मी होते, काका," ती म्हणाली. "तेहतीसचं बूच काढलं आणि माझ्या हाताला संध्याकाळपर्यंत बुतियाचा वास होता. तुमच्या पेल्यांत उरलेली आम्ही तिघी वाढप्यांनी मागच्या खोलीत संपवली. एक थेंब सांडला म्हणून भांडलो."

"मग बोलली का नाहीस?"

"वाढप्यानं टेबलापाशी तोंड उघडायचं नाही. फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतं. खाली दोन रेघा मारून."

ते खरे आहे. रेघा मीच मारल्या होत्या, त्याही पट्टी घेऊन.

मग वाल्मोर बोलला. बिअरमधले काही न कळणारा हा एकटाच माणूस त्या खोलीत होता. "मेल्यावर माफी मागणार म्हणतोस," तो म्हणाला. "सोयीचं आहे. तिनं 'नाही करत माफ, जा' म्हटलं, तर ते ऐकायला तू नसशील."

मी त्याला शेजारधर्माला शोभेल असे काहीतरी बोललो. पण त्यानंतर बराच वेळ कोणी केक खाल्ला नाही, आणि मला कळले की सातवे कलमही मी भीतीनेच लिहिले आहे, नाक गेल्याचे लपवले तसेच, फक्त या वेळी कायद्याच्या भाषेत.

सबब सातवे कलम रद्द. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. सहावे उद्यापासून. सकाळी सहा चाळीसच्या बसने, जरागुआला गाडी बदलून, मी ही प्रत घेऊन जॉईनविलेला जात आहे आणि ती तिच्या दारात उभा राहून स्वतः वाचणार आहे. दार उघडले नाही, तर बंद दारासमोर वाचेन. मुख्य परीक्षकपदाचा राजीनामा ओस्निल्डोकडे दिला आहे. त्यानेही आपला लगेच माझ्याकडे दिला, त्यामुळे तो स्वीकारायचा कोणी, हा प्रश्न मंडळापुढे आहे.

हे सर्व तिन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले, त्यांना समजले, आणि सर्वांसमोर सही केली.

पोमेरोदे, रविवार, १८ ऑगस्ट २०२४.

लोथार रामथुन

साक्षीदार:

ओस्निल्डो ग्यूट्स, निवृत्त दंतवैद्य. यंत्र परत करीन.

वाल्मोर क्रूगर, शेजारी. ऐकले ते सर्व खरे लिहिले आहे. मला शेजारधर्माला 'शोभेल असे' जे बोलले गेले, ते शब्द मात्र लिहिलेले नाहीत.

रोझेली बुट्झके, बेकरीवाली. त्या दिवशी मला गुण द्यायचा अधिकार नव्हता. आज कागदावर लिहायचा आहे, म्हणून लिहिते: तेहतीस नंबर, पन्नासपैकी एकेचाळीस. फेस जरा लवकर बसला.