नहरीवर एकट्यानं बोलण्याबाबत

मु. चिखलवाही, ता. सावली
२८ मार्च

आदरणीय गुलाबभाऊंना खुशालचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा आणि तुमची शुगर दोन्ही काबूत असतील अशी आशा करतो. माझी तब्येत चांगली आहे. पत्र कागदावर राहतं म्हणून शाळेची भाषा लिहितो आहे, मधेच घरची निघाली तर चालवून घ्या. रुखमाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की खुशालनं माझ्या बहिणीला जन्मभर बोलू दिलं नाही. तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. विषय असा की येत्या रविवारी धम्मदीप पुण्याहून येतो आहे आणि मला कायमचं घेऊन जाणार आहे. घराला कुलूप. कारण गावातल्या कोणीतरी त्याला कळवलं की तुझे बाबा नहरीवर एकटेच भांडत जातात. हे खरं आहे. पण ते कसं खरं आहे, हे तुम्हाला सांगणं मला भाग आहे.

आमच्याकडे नहरीच्या पाळीवरून कोणी मुकाट्यानं चालत नाही. दोन्ही अंगांनी जंगल, नहरीत उन्हाळी धानाचं पाणी, आणि सध्या मोह गळून राह्यला. माणूस येतो आहे हे जनावराला लांबूनच कळलं पाहिजे, म्हणून मोठ्यानं बोलत जायचं, ही रीत. डॉक्टरनं मला शुगरसाठी चालायला सांगितलं तेव्हापासून अकरा वर्षं मी आणि रुखमा रोज सकाळी गावापासून नहरीच्या गेटापर्यंत बोलत, म्हणजे भांडत, गेलो. (भाजीतलं मीठ, सुनेचा फोन, माझी फाटकी बनियन. विषयाला तोटा नव्हता.) अकरा वर्षांत आम्हाला ससासुद्धा दिसला नाही. दूरदूरचे लोक जिप्सीत बसून आमच्या जिल्ह्यात जनावर पाहायला येतात, आणि मी तीस वर्षं नहरीचा चौकीदार असून बायकोच्या तोंडापायी काही न पाहिलेला. तसं मी तिला एकदा बोलून दाखवलं होतं. तिनं दोन दिवस भाजीत मीठ टाकलं नाही.

ती डिसेंबरात गेली. जानेवारीपासून मी एकटा जातो, आणि रीत म्हणून मोठ्यानं बोलतो. माझी बाजू मला पाठ आहे. पण अकरा वर्षांची सवय अशी की माझं वाक्य झालं की मी थांबतो, कारण पुढचं तिचं असतं. तिला जितका वेळ लागायचा तितका थांबतो (म्हणजे पुष्कळ). आणि त्या थांबण्यात जनावरं बाहेर येतात. फेब्रुवारीत मी तिला डाळ पातळ झाल्याचं बोललो आणि थांबलो, तर पळसाच्या झाडाखालून सात चितळं आली आणि माझ्यासमोर पाणी पिऊन गेली. पुढं मोर आला. एक डुकरीण नऊ पिलं घेऊन पाळ ओलांडून गेली. मागच्या सोमवारी मोहाखाली अस्वल फुलं खात होतं. त्यानं मान वर करून मला पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं. एवढं सगळं पाहिलं, पण घरी येऊन सांगायचं कोणाला, हे कळत नाही. फार जड वाटतं, भाऊ.

धम्मदीपचं म्हणणं, सोबत न्या कोणाला तरी. म्हणून शेजारच्या श्रावणला नेलं. श्रावण माणूस चांगला आहे, पण घरून निघताना तो तोंडात तंबाखूचा खर्रा कोंबतो आणि घरी परत आल्यावर थुंकतो. मधल्या वेळात तो फक्त हूं म्हणतो. तेही नेहमी नाही. त्या दिवशी गेटाजवळच्या वळणावर मी सवयीनं म्हणालो, रुखमा, काल भात कच्चा राहिला होता. आणि थांबलो. नहरीत वाघ बसला होता. अर्धा पाण्यात, लग्नात जेवून बसलेल्या माणसासारखा. तो उठला. श्रावणकडून हूंसुद्धा निघालं नाही. मी थांबलेला, वाघ थांबलेला, आणि बोलायची पाळी तिची. शेवटी मीच तिच्या आवाजात ओरडलो, भात कच्चा नोयता, तुमचे दात गेले, अन् दोष चुलीले काऊन देता? वाघानं ते ऐकून घेतलं, पाण्यातून वर चढला आणि सावकाश पलीकडच्या झाडीत गेला. श्रावणनं खर्रा गिळला, त्याला दोन दिवस उलट्या झाल्या. मी तिथंच पाळीवर बसून रडलो. ती गेली त्या दिवशी रडलो नव्हतो, हे तुम्ही पाहिलं आहे आणि मनात धरलंही आहे.

श्रावण बरा झाल्यावर त्यानं गावभर सांगितलं की खुशालभाऊ आता बायकोच्या आवाजात बोलतात. ते पुण्यापर्यंत पोचलं. माझं तुमच्याकडे मागणं काही नाही. तुमच्या बहिणीला मी बोलू दिलं की नाही, याला एक वाघ साक्षीला आहे, एवढंच कळवायचं होतं. मुलांना आशीर्वाद, आशावहिनींना जयभीम.

तुमच्या बहिणीनं मागं ठेवलेला,
खुशाल

ता. क. मागणं आहे. तुम्ही शनिवारी दुपारच्या गाडीनं या, म्हणजे धम्मदीप येईल तेव्हा घरात दोघं असू. उन्हाळाभर राहा. कंडक्टरकीत कमावलेला तुमचा आवाज आहे, आणि दुसऱ्याला वाक्य पुरं करू न देण्याची तुमच्या घराण्याची पद्धत आहे. नहरीवर माझ्यासोबत चाला आणि मला वाटेल ते बोला, म्हणजे जनावरं लांब राहतील आणि पोराला काळजी राहणार नाही.

पुन्हा ता. क. जनावरांचं वर जे लिहिलं ते निमित्त समजा. ती मले काही करत नाईत. खरी गोष्ट अशी की भाताचं, डाळीचं, बनियनचं तिचं उत्तर मले येते. परवा मी तिले इचारलं, पोराकडं पुण्याले जाऊ का? अन् गेटापर्यंत गेलो, परत घरी आलो, तरी ती काय म्हणाली असती ते मले सुचलं नाई. तुमी तिचे भाऊ आहा. येऊन सांगा.