तवशाचं बी

आये, आज काकडीच्या मांडवावरचं एक तवसं मी काढलं नाही. बाकीची काही चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीत टांगली, दोन किसून गुळाच्या धोंडसात गेली, पण हे मानेशी पांढऱ्या रेघा असलेलं बियासाठी ठेवलंय. पिवळं होऊन साल तडकेपर्यंत हात लावायचा नाही, हे तुझंच शिकवणं. माकडं घरामागच्या परड्यात उतरतात म्हणून त्याला जुन्या जाळ्याचा तुकडा बांधलाय. पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या शेंड्यांना दगड बांधलेत, मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालते. ऑफिसातून आले की साडी न बदलता परड्यात जाते. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, "इतक्या वर्सांनी अक्कल इली गो तुका." आली खरी, पण उशिरा आली.

तू परड्यात पाय घसरून पडलीस आणि महिनाभर कुडाळच्या दवाखान्यात राहिलीस, त्या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघराला टाइल्स लावायचं काढलं. तू घरी आल्यावर माझ्या ऑफिसातल्या बायका तुला बघायला येणार होत्या. चुलीमागच्या काळ्या भिंतीवर तुझ्या चार थापल्या होत्या. शेणात राख आणि तवशाचं बी कालवून तू दर कार्तिकात त्या थापायचीस आणि मिरगाच्या पावसाआधी एकेक काढून फोडायचीस. गवंड्याने भिंत खरवडली आणि त्यात बी गेलं, असं मी शेजारच्या काकींना सांगितलं. तुला मात्र काहीच सांगितलं नाही. तू माजघरात खाटेवर, तुला उठता येत नव्हतं, चुलीमागची भिंत दिसणार कुठून?

मग तू विचारू लागलीस. "मिरग इलो गो, तवशाचा बी लायलंस?" मी म्हटलं, "होय, लायलंय." लावलं होतं खरंच, मालवणच्या बाजारातून आणलेल्या पाकिटातलं. रोज संध्याकाळी तू विचारायचीस, पानं किती झाली, वेल मांडवाला पोचला काय, आणि मी खिडकीशी उभी राहून तुला वेलाची हकिगत सांगायचे. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं, म्हणून मला आणखीच भीती वाटायची. श्रावणात पहिलं तवसं निघालं. हिरवंगार, गुळगुळीत, रेघ नावाला नाही. साल काढून, मीठ लावून फोड तुझ्या हातात दिली. तू ती फार हळू चावलीस. मी तुझ्या तोंडाकडे बघायला धजले नाही. "गोड आसा," तू म्हणालीस, "आपलांच तां." माझा जीव भांड्यात पडला. मार्गशीर्षात तू गेलीस तेव्हा वाटलं, चला, एवढं तरी निभावलं.

त्यानंतर दर पावसाळ्यात दगडी गडग्यापलीकडे काकींच्या मांडवावर मला पांढऱ्या रेघांची तवशी दिसत. तुझंच बी, तू कधीतरी दिलेलं. दोन पावलांवर होतं, पण मागायला गेले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मग आवशीला काय खायला घातलंस? पाच वर्षं मी पाकिटं आणत राहिले. यंदा वैशाखात मात्र धीर करून गेले. काकी शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी बी मागितलं तर त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेली एक थापली घेऊन आल्या. म्हणाल्या, "पाच वर्सा बाजूक काढून ठेवतंय तुझ्यासाठी. तू ज्या दिसाक तिका तां तवसां खावक दिलंस, तेच्या दुसऱ्या दिसाक तुझ्या आवशीन माका बोलावन घेतल्यान. म्हणाक लागली, चेडवान बी घालवल्यान, तुझ्याकडला सांभाळ. पण आपणहून तेका देव नको, लाजतला. मागूक येतला तेव्हा दी."

मी ती थापली पदरात घेऊन आले आणि परड्यात बसून रडले. तुला कळलं होतं. पहिल्याच फोडीला कळलं होतं, आणि तू ती सबंध खाल्लीस. नंतरही वेल सुकेपर्यंत त्याची हकिगत विचारत राहिलीस, मी सांगत राहिले. माझ्यावर ओरडली असतीस तर बरं झालं असतं ग. रागसुद्धा आला मला तुझा, खरं सांगते.

आता हे तवसं पिकेल, बी निघेल. काल उगाच एक शेणाचा गोळा टाइलवर थापून बघितला, तो घसरून ओट्यावर पडला. न्हाणीघराची बाहेरची चिऱ्याची भिंत अजून तशीच आहे, तिथे थापीन. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, काकींनाही नाही, म्हणून इथे लिहिते. गवंडी आला तेव्हा भिंत आधीच साफ होती. शेणाची लाज वाटून आदल्या दिवशी उलथनं घेऊन मीच ती खरवडली. तू वर्षानुवर्षं ज्या थापल्या घातल्यास, त्यांचं शेण लहानपणी मीच कालवून द्यायचे. पहिली थापली जमिनीवर पडून फुटली, आतलं बी दिसलं, आणि मी ते केराबरोबर सुपलीत भरलं.