बादलीभर ओली वाळू

प्रिय सूनबाई,

बऱ्याच दिवसांत तुझा फोन नाही, पण तक्रार करायला बसलेले नाही. तू कामात असशील. माझी तब्येत बरी आहे, गुडघे होते तसेच आहेत, त्यांची चौकशी नको. सांगायचं वेगळंच आहे. आपल्या घरात एक सरडा आलाय. किंचाळू नकोस. पाल दिसली की तू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढायचीस आणि मी झाडू घेऊन धावायचे, ते मी विसरलेले नाही. पण ही पाल नव्हे. कॅमेलिऑन म्हणतात तो हा, डोक्यावर तुरा, शेपटीची गुंडाळी, आणि डोळे असे की एक तुझ्याकडे तर दुसरा छताकडे. आपल्या वरच्या मजल्यावर तो गिटारवाला राहायचा ना, तो एका सकाळी खोली सोडून निघून गेला. मागे गादी, मोडकी खुर्ची आणि हा जाळीचा पिंजरा. वॉचमन पिंजरा कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवून हात झटकत होता. मी म्हटलं, "अहो, आत जिवंत आहे काहीतरी." तर म्हणतो, "असू दे की मॅडम, राहील दोन दिवस, मग होईल शांत." सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात काढली, शेवटची कितीतरी वर्षं मेट्रन म्हणून. असलं वाक्य ऐकून पुढे जायची सवय मला लागलेली नाही. पिंजरा उचलला आणि घरी आणला.

ठेवायचा कुठे? ऊन येतं ते फक्त बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, जिथे माझ्या लेकाचं टेबल आहे. तू गेल्यापासून ते टेबल मी रोज पुसत होते, पण त्यावर काही ठेवत नव्हते. आता पिंजरा ठेवला. सकाळी उठून पानांवर पाणी फवारायचं, थेंब ओघळले की तो प्राणी जीभ लावून पितो. वाटीतलं पाणी त्याला दिसतच नाही म्हणे. मग प्राण्यांच्या दुकानात जाऊन डबीभर जिवंत रातकिडे आणायचे. या वयात किडे विकत घेते आहे म्हटल्यावर तिथला दुकानदार माझ्याकडे जरा सांभाळूनच बघतो. सरडा नव्हे, सरडी आहे, हेही त्यानेच सांगितलं. नराच्या मागच्या टाचेला टोक असतं, हिला नाही. तेव्हापासून मी तिला 'बाई' म्हणते. वॉर्डात सगळ्यांना तेच म्हणायचे, जिभेला वळण पडलंय.

मग बाईचं पोट दिसायला लागलं. तुला माहीत आहे, ओपीडीच्या दारातली पायरी बाई कशी चढते एवढ्यावरून मी सांगायचे. नवे डॉक्टर पैज लावायचे आणि चहा पाजायचे. इथे मात्र माझी विद्या आडवी झाली. तारीख विचारायची सोय नाही, सोबत आलेली सासू नाही, आणि चेहऱ्यावर तर सदाचाच वैताग. आधी वाटलं, जास्त खाऊन सुटली. मग रंग गडद झाला, अंगावर निळे-पिवळे ठिपके उमटले, कुशी खडबडीत दिसू लागल्या, जणू कातडीखाली कोणी गोट्या भरल्यात. आधी अधाशासारखी खाणारी ती, एकदम तोंड फिरवू लागली. मी म्हटलं, ठरलं. दिवस गेलेत. आणि मग ती फांदी सोडून खाली उतरायला लागली. पिंजऱ्याच्या तळाशी गोलगोल फिरायची, नखांनी खरवडायची, परत फिरायची. आता सांग, मी काय केलं असेल? बेडरेस्ट. दर वेळी अलगद उचलून परत फांदीवर. पडली तर लागू नये म्हणून तळाला जाड टॉवेल घातला. ती टॉवेल खरवडायला लागली, तेव्हा रागावलेसुद्धा. "बाई, चढा वर. इथे शिस्त माझी चालते." ऐकून घ्यायची बिचारी, आणि माझी पाठ वळली की परत खाली.

पुढे ती भर उन्हात डोळे मिटून बसायला लागली तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पोरगेलासा डॉक्टर, मला पाहताच 'आजी' म्हणाला. मी सांगितलं, मॅडम म्हण. त्याने एक्स-रे काढला. पोटात अंडी, द्राक्षांच्या घडासारखी एकाला एक चिकटून. मग विचारतो, "आजी, ही खाली उतरते का?" म्हटलं, "उतरते. मी परत वर ठेवते." "का?" "पोटुशी बाई पडू नये म्हणून." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "अहो, ती खड्डा खणायला उतरते. मातीत पुरायला जागा नसेल तर ही अंडी घालत नाही, पोटातच धरून ठेवते. आणि त्यातच जाते." मी विचारलं, पण नर कुठून आला? तर म्हणे नर लागतच नाही. एकटी राहिली तरी अंडी होतात. त्यातून काही निघायचं नसतं, पण बाहेर मात्र यावीच लागतात. दोन-चार दिवसांत झालं नाही तर पोट फाडावं लागेल, आणि एवढ्या अशक्त जीवाला ते झेपेल असं त्याला वाटत नव्हतं. खोल बादलीत ओली वाळू घाला, पिंजऱ्यावर चादर टाका. "आणि मुख्य म्हणजे समोर बसू नका. कोणी बघतंय असं वाटलं की ती खणणं सोडून देते." मी म्हटलं, "किती लांब बसू?" म्हणाला, "उजेड असेपर्यंत घरातच नसलात तर उत्तम."

सोपं वाटलं गं. आपलं घर तुला माहीत आहे, स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं तरी पिंजऱ्यासमोरूनच जावं लागतं. तेव्हा वाळू भरली, चादर टाकली आणि बाहेर पडले. जिन्यात बसले तर शेजारीण म्हणाली, "किल्ली विसरलात का हो?" तिला काय सांगणार? बसस्टॉपवर बसले. बस थांबायची, ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा, मी नाही म्हणून मान हलवायचे. हॉस्पिटलच्या लॅबमधली माझी ती मैत्रीण मुलाकडे राहायला गेली, परगावी. तिच्याशिवाय आगाऊ न कळवता जावं असं एकही दार मला आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप माझ्या जुन्या हॉस्पिटलकडे वळले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसले, आपल्याच. माझा लेक आत ॲडमिट होता तेव्हा आपण दोघी तिथे आळीपाळीने जाग्या असायचो. तुझं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं की मी हलायचे नाही, हाताला मुंग्या आल्या तरी. एक नवी सिस्टर आली. "काकू, तुमचं कोण ॲडमिट आहे?" म्हटलं, कोणी नाही. "मग इथे नाही बसता येणार, भेटायची वेळ संपली." चांगली खमकी मुलगी होती. नियमही बरोबर होता, मीच लावलेला. उठले.

तुझं दुसरं लग्न व्हावं असं मी म्हणाले होते ते मनापासून म्हणाले होते, आजही म्हणेन. तू फोनवर विचारतेस, "आई, जेवलात का?" मागे तुझे यजमान असले की तुझा आवाज बारीक होतो, हे मला कळतं. त्यात तुझं काही चुकत नाही. गेलेल्या नवऱ्याच्या आईला नव्या घरात कुठल्या खुर्चीवर बसवायचं, हे कोणी कोणाला शिकवत नाही. म्हणून तू बोलावत नाहीस आणि मीही विषय काढत नाही. दोघी मिळून हवापाण्याचं बोलतो आणि फोन ठेवतो.

या पत्राचं पहिलं पान बसस्टॉपवर लिहिलं. तेव्हा ठरवलं होतं की शेवटी सहज लिहायचं, सरडीसाठी घर रिकामं ठेवायचं आहे, तर चार दिवस तुझ्याकडे येते. चांगलं कारण होतं, कोणालाही सांगता येण्यासारखं. पण काल संध्याकाळी घरी आले तर बादलीतली वाळू थापून सपाट केलेली, आणि बाई फांदीवर, नखांत वाळू, पोट खपाटीला गेलेलं. पाणी फवारलं तर किती वेळ पीतच राहिली. तशीच दवाखान्यात नेली, तर डॉक्टर म्हणाला, वाचली. एक आठवडा दवाखान्यात ठेवून घेतो, तिला जरा ताकद येऊ दे. म्हणजे आता घर मोकळं आहे. मला बाहेर राहायचं काहीही कारण उरलेलं नाही. रात्रभर विचार केला, पत्र फाडावं का. नाही फाडलं. तर सरळच विचारते, मी येऊ का? काम काही नाही. तुझ्या यजमानांशी बोल आणि मग कळव. नको असेल तर स्पष्ट नको म्हण, मला आडून बोललेलं आवडत नाही. हो असेल तर कुठली बस ते लिही.

फोनवर तू म्हणतेस तीच, अजून तुझीच,
आई