पिशवी शिवल्यानंतरची गोळी

प्रिय ठोकळ्या,

मंगळवारी तुझं ऑपरेशन, आणि तुझा रंधा म्हणे अजून चालूच! साठी आली तरी सुतारकाम सोडवत नाही तुला. घाबरू मात्र नकोस. माझी हृदयाची झडप बदलून वर्ष होत आलं आणि मी दिवसभर बेकरीत पाय रोवून उभी असते.

झडपेसोबत तुझ्याही हृदयातली ती पिशवी शिवून टाकणार, हे ऐकून जिवात जीव आला. आपल्या दोघांचे ठोके सारखेच लहरी. डाव्या कप्प्याच्या त्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं. आईचं तेच झालं. चार वर्षं ती आपल्याकडे नुसती बघत होती. तेव्हा बिनधास्त शिवू दे. छाती उघडलेलीच असते, त्यासाठी वेगळी चिरफाड नाही.

आता जरा अवघड सांगते. उन्हाळ्यात एका केकवर नाव लिहीत होते. तिसऱ्या अक्षराला क्रीमचा कोन हातातून गळून पडला. काउंटरवरच्या मुलीला हाक मारायला गेले, तर शब्दच फुटेना. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. तिला म्हटलं, चक्कर आली. डॉक्टरांकडे मात्र कबूल केलं, की रक्त पातळ करायची गोळी मी दोन महिन्यांपासून मनानेच बंद केली होती. दंडावर काळेनिळे डाग पडायचे. म्हटलं, पिशवी शिवली, आता गोळी कशाला? ते भयंकर रागावले, आणि बरंच केलं. शिवल्याने धोका पुष्कळ कमी होतो, पण सगळा जात नाही. गोळी थांबवायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं. तेव्हापासून एकही चुकवली नाही, आणि परवा तीन मजली केक एकटीने सजवला.

तुला हे कळवलं नाही, कारण गोळी सोडल्याची फुशारकी मी तुझ्यापुढेच मारली होती. काल तुझी बायको फोनवर रडली. म्हणाली, हाताला कापलं की रक्त थांबत नाही म्हणून तू डॉक्टरांना ठणकावून आलास, ऑपरेशननंतर गोळी घेणार नाही. वर त्यांना म्हणालास, ताईने सोडली, तिला काही झालं नाही. ठोकळ्या, झालं होतं रे. लाज वाटली म्हणून तोंड उघडलं नाही. हे पत्र मंगळवारच्या आधी त्या डॉक्टरांना वाचायला दे.

तुझीच,
खोटारडी ताई