भिंगरीचा हात न पोचणारी कडी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे कुशल आहेत असं लिहून सुरुवात करायची असते, म्हणून लिहिलं. आईचे गुडघे होते तसेच आहेत, वहिनीला कारखान्यात दुपारची पाळी लागली आहे आणि तुझी भिंगरी दोन वर्षं दोन महिन्यांची होऊन आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसली आहे. तुझी तब्येत कशी आहे? बोगद्यातल्या धुळीनं खोकला तर नाही ना झाला? (हे आई विचारते आहे. मी विचारलं असतं तर तोंडाला फडकं बांधतोस का, असं विचारलं असतं.)

पत्राचं कारण असं. गेल्या महिन्यात मी बाहेरचं दार नुसतं लोटून घेतलं, कडी घातली नाही, आणि पाच मिनिटांनी पाहते तर भिंगरी जिन्याच्या कठड्यापाशी उभी. एक पाय दोन गजांमधून बाहेर, खाली तीन मजले. हाक मारली असती तर दचकली असती, म्हणून श्वास रोखून गेले आणि उचललं. चूक माझी होती, त्यामुळे बंदोबस्तही मीच करायचा ठरवला. घरातली पहिली पदवीधर असल्यानं आधी दारांचा तक्ता केला. सुतारकाकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, घरात दारं चार आणि रकाने अकरा. उरलेली सात दारं शेजाऱ्यांची का?"

तरी कामाला लागलो. दार आपटून बोटं चेंगरू नयेत म्हणून प्रत्येक दाराच्या वरच्या कडेला जुन्या चपलेचा तुकडा अडकवला. न्हाणीघराची आतली कडी काढली, कारण भिंगरी स्वतःला कोंडून घेईल. आता जो आत असेल त्यानं गात राहायचं, असा नियम आहे. (आईला तीनच गाणी येतात आणि तिन्ही अंगाईगीतं. ती आंघोळीला गेली की बाहेर भिंगरी पेंगते.) स्वयंपाकघराच्या गोल मुठीवर प्लास्टिकची टोपी बसवली. ती दाबून धरल्याशिवाय मूठ फिरत नाही आणि ते फक्त मोठ्यांना जमतं, असं खोक्यावर छापलं होतं. मी आणि आई पाऊण तास आत अडकलो. शेवटी भिंगरीनंच बाहेरून दार उघडलं आणि आमच्याकडे असं पाहिलं, की मला माझी पदवी परत करावीशी वाटली.

बाहेरच्या दाराला मात्र सुतारकाकांनी अगदी वर, चौकटीलगत कडी बसवून दिली. मला टाचा उंचवाव्या लागतात, आईला स्टूल. भिंगरीला तर चौदा वर्षं थांबावं लागेल. इथवर हसायला हरकत नाही, दादा. पुढचं जरा सावकाश वाच.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सव्वाचारला ते दार सताड उघडं होतं. भिंगरी उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसली होती आणि रिकाम्या जिन्याकडे पाहून "ये, ये" म्हणत होती. कुणी दमलेला माणूस एकेक पायरी चढत असावा, तशी थांबून थांबून. मग ती सरकली. वाट दिली. आणि तिची मान दारापासून तुझ्या कॉटपर्यंत हळूहळू वळत गेली. मी भिंतीवरच्या माझ्या विज्ञानाच्या पदवीकडे पाहिलं. तिनं काही मदत केली नाही.

वहिनी कामावर होती. आईला विचारलं तर म्हणाली, "मी कशाला उघडू? मी पडले होते की!" पण तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी कडीला दोऱ्याची गाठ मारली. सव्वाचारला दार उघडं. दोरा तुटलेला नव्हता, कुणीतरी नीट सोडून स्टुलावर ठेवला होता. अखेर काल मी आईला शेजारी पाठवलं, स्टूल माळ्यावर टाकलं आणि दारासमोर बसून राहिले. सव्वाचारला भिंगरी उठली, दाराला कान लावला आणि म्हणाली, "बाबा आला." इतक्या सहज, की मला खालच्या वळणावर बुटांचा आवाज आला. (आला असं वाटलं, असं लिहायला हवं. पण आला.) भानावर आले तेव्हा मी टाचा उंचावून उभी होते आणि कडी माझ्याच हातात होती.

बाहेर कुणी नव्हतं. आई घरी आल्यावर तिला हे सांगितलं, तर तोंड फिरवून म्हणाली, "पोर म्हणते आला. मग काय दारात उभं ठेवायचं?"

मी भिंगरीला विचारलं, "बाबा काय म्हणाला?" ती म्हणाली, "येतो." अगदी तुझ्यासारखं, 'ये' लांबवून. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरात कुणी 'जातो' म्हणत नाही. वहिनी 'येते' म्हणून जाते आणि येते. मी भाजीला जाते, तीही 'येते' म्हणून. तूही सात महिन्यांपूर्वी सव्वाचारला पिशवी उचलून 'येतो' म्हणालास. भिंगरीला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे. तिच्या हिशेबी तू तेव्हापासून जिना चढतोयस.

मोठ्यांना नमस्कार म्हणावा, असं तिथं कुणी असेल तर सांग. जपून काम कर.

तुझी,
धाकटी

ता. क. काम तीन महिन्यांचं होतं. तुझ्या शेवटच्या तिन्ही पत्रांत 'लवकरच येतो' एवढंच आहे. रविवारी बाजाराच्या गावात उतरशील तेव्हा फोन कर आणि येणार असलास तर तारीख सांग. नसलास तर एकदा स्पष्ट 'जातो' म्हण. आई अशुभ म्हणेल, म्हणू दे. अपशकुनापेक्षा उघड्या दारापुढचा जिना जास्त धोक्याचा आहे.

ता. क. दुसरा. वरचं लिहून उठले तर भिंगरी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू. बाबा झोपला." तुझ्या कॉटवर आईनं चादर पांघरून ठेवली आहे, आणि वहिनीही परवापासून तिथं बसत नाही, कडेनं जाते. फोनबिन राहू दे, दादा. तूच ये. आणखी महिनाभर गेला, तर तू दार वाजवशील आणि ती आतून सांगेल, बाबा घरातच आहे.