राखाडी हंस

अमरावती, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८६

कापसात गबर झालेल्या गणुजी पाटलांनी मुंबईहून हंसाची दोन पिल्लं आणवली. निघाली राखाडी. मला बोलावून म्हणाले, "शास्त्रीबोवा, हे हंस व्हय का बदक? बदक असन तं आजच शिजवतो."

मी ऐटीत म्हणालो, "हे हंसशावक."

शब्दाने पाटील दबले. पण लगेच परातीत दूधपाणी पुढे ठेवलं. पिल्लांनी सगळं एकत्रच पिऊन टाकलं, वर परातीत पाय बुडवले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"ती विद्या पिसं पांढरी झाल्यावर येते," मी म्हणालो.

"मंग होळीपावतर थांबतो."

फाटकाशी पिल्लांना दाणा घालणारी गंगा माळीण भेटली. "बोवा, तुमी कधी हंस पायला हाय का?"

"पुष्कळ. पोथीत."

ती हसली नाही. "लळा लागला जी मले त्यायचा. होतीन नं पांढरे?"

तेव्हापासून चैन नाही. ती राखाडी पिसं डोळ्यांपुढून हलत नाहीत. हंसशावक म्हणालो खरा, पण मला तरी कुठे ठाऊक? रोज जाऊन पिसं पाहायची, दुसरं काय. नाहीच झाली पांढरी, तर होळीच्या आदल्या दिवशी दोन बदकं पळवणारा शास्त्री म्हणून गाव मला ओळखेल.