भेगांवर बारा मिनिटं

सोमवार, ९ मार्च. सकाळी साडेसहा.
आजपासून विद्यापीठात संशोधन सप्ताह. प्रत्येकाने बारा मिनिटं बोलायचं, मग तीन मिनिटं प्रश्न. माझा नंबर शनिवारी, जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्यात शेवटी. आयोजकांना शेवट गोड करायचा असणार. विषय : वाळत्या चिखलाला भेगा कशा पडतात. पीएच.डी.चं सहावं वर्ष संपत आलंय. सातव्या वर्षाची मुदतवाढ आणि फेलोशिप या भाषणावर अवलंबून आहे. मिळणारच, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.
संकल्प : रोज पहाटे उठून स्लाइडी करणे. शुक्रवारपर्यंत शेवटच्या ट्रेचा निकाल काढणे. दुसऱ्यांच्या भाषणांत वेळ न घालवणे.

सोमवार. संध्याकाळ.
तिसरा संकल्प मोडला, पण कारण तात्त्विक आहे.
पहिल्याच भाषणाला जरा डोकावलो. आमच्या लॅबमधला ज्युनिअर शेवाळावर बोलत होता. पाठ करून बोलतो म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. प्रश्नांच्या वेळी हॉलमध्ये चिडीचूप. मला राहवेना. उठलो आणि म्हणालो की, हा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे. निरीक्षण जरा लांबलं. अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली, बहुधा दाद म्हणून. पोपटाला घाम फुटला. शेवटी चाचरत म्हणाला की, सर, हे सगळं माझ्या तिसऱ्या स्लाइडवर होतं. असेल. मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो.

मंगळवार, १० मार्च. सकाळी नऊ. (पहाटे उठलो होतो, पण परत झोपलो.)
मोठा शोध लागला. खरं विज्ञान भाषणात नसतंच, ते प्रश्नोत्तरांत असतं. भाषण काय, कुणीही करतं. तेव्हा तयारी प्रश्नांचीच करायची. कुणी काय विचारेल त्याचा आधीच अंदाज घेऊन प्रत्येक प्रश्नासाठी एक बॅकअप स्लाइड. काल रात्रीत एकोणीस झाल्या. मुख्य भाषणाच्या : एक. शीर्षकाची. फाँट बदलायचाय.

मंगळवार. संध्याकाळ.
गाइड मॅडम जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, थोडं बोलायचंय, चार वाजता केबिनमध्ये ये. कालचं निरीक्षण त्यांच्या कानावर गेलेलं दिसतंय. पण चारला धूमकेतूंवर भाषण होतं आणि तिथे माझी गरज होती. कौतुक काय, उद्याही ऐकता येईल.
शेवटचा ट्रे अजून ओलाच. चिखलाला डेडलाइन कळत नाही. बायकोचा हेअर ड्रायर लॅबमध्ये नेला आहे. तात्पुरता.

बुधवार, ११ मार्च. रात्रीच्या जेवणाआधी.
बायको ओल्या केसांनी शाळेत शिकवायला गेली आणि आल्याबरोबर त्यावर बोलली. सहा वर्षं तुझा चिखल वाळतोय, म्हणाली, पण आपल्या बाथरूमच्या भिंतीला गेलेली भेग तुला दिसत नाही. मी शांतपणे सांगितलं की, ती सिमेंटची आहे, माझा विषय वेगळा. मग ती उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.
ड्रायरने अर्धा ट्रे तडकला, उरलेला अर्धा अजून लापशी. दोन वेगळ्या परिस्थितींचा तौलनिक अभ्यास, असं म्हणता येईल. यावर तीन बॅकअप स्लाइडी.
परदेशातून आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञालाही आज सोडलं नाही. माझं ऐकून घेतल्यावर त्याने शेजारच्याला वाकून विचारलं की, हे कोण. नाव पसरतंय.
मॅडमचे दोन फोन येऊन गेले. त्यांना स्लाइडी बघायच्या असणार. एकदम शनिवारीच बघतील. सरप्राइझ.

गुरुवार, १२ मार्च. सकाळ.
एकाग्रतेसाठी फोन बंद. थोर माणसं असंच करत असणार.

गुरुवार. संध्याकाळ.
बॅकअप : सत्तेचाळीस. मुख्य : शीर्षक, विषयाची ओळख आणि आभार.
आज मी हात वर केला तर अध्यक्ष म्हणाले, दुसऱ्या कुणाला काही विचारायचंय का? दुसऱ्या कुणाला नव्हतं. हॉलभर एक सुस्कारा ऐकू आला. पहिल्या रांगेत झोपणारे म्हातारे प्रोफेसरही आता मी उठलो की जागे होतात आणि घड्याळ बघतात. माणसं उत्सुक आहेत.
घरी आक्रीत घडलं. बायको ड्रायरबद्दल चकार शब्द बोलली नाही. न मागता चहा आणून दिला आणि शेजारी बसली. मध्येच विचारलं की, कुठे शिकवायला आवडेल का रे तुला? मला हसू फुटलं. ज्याचं काम आता जगासमोर येणार आहे, त्याने आठवीला चुंबकत्व शिकवायचं? ती बरं म्हणाली आणि माझा शनिवारचा शर्ट इस्त्रीला घेतला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. विज्ञानाचं मोल घरातल्या माणसांना उशिरा कळतं, पण कळतं.

शुक्रवार, १३ मार्च. दुपारी दोन.
ट्रे वाळला! काय भेगा पडल्यात! सरळ, देखण्या, एकमेकींना अचूक काटकोनात भेटणाऱ्या. सहा वर्षांत असं चित्र पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. भराभर फोटो काढले.

शुक्रवार. दुपारी तीन.
फोटोत मोजपट्टी ठेवायची राहिली. तिच्याशिवाय भेग एक मिलिमीटरची की एक मीटरची ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमच्या क्षेत्रात याला फोटो म्हणत नाहीत, देखावा म्हणतात. म्हणून पट्टी ठेवून पुन्हा काढायला ट्रे जरा खिडकीकडे ओढला. पोपडे सुटले आणि सगळा निकाल एका कोपऱ्यात जमा झाला.
काही बिघडलं नाही. जाणकाराला पट्टी लागत नाही.

शुक्रवार. सहा वाजता.
मॅडम स्वतः लॅबकडे येताना काचेतून दिसल्या. मागच्या दाराने सटकलो. कोपऱ्यातला ढिगारा आधीच दिसला तर शनिवारची गंमत जाईल. मी जिन्यात पोचेपर्यंत त्या हाका मारत होत्या.

शनिवार, १४ मार्च. सकाळी आठ.
मुख्य स्लाइडी पाच, बॅकअप एकसष्ट. शर्ट कडक. आठवडाभर मी ज्यांना ज्यांना विचारलं, ते सगळे आज उट्टं काढायला दबा धरून बसणार. या म्हणावं! अर्धा तास तरी प्रश्न चालतील. लोकांचं जेवण गार होईल, त्याला माझा इलाज नाही. बायको दारापर्यंत आली. म्हणाली, जपून जा. मी काय लढाईला चाललोय?

शनिवार. संध्याकाळी सात.
पाच स्लाइडी पाच मिनिटांत संपल्या.
म्हणजे प्रश्नांना दहा मिनिटं! असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? मी बॅकअप उघडून, रिमोटवर बोट ठेवून उभा राहिलो. कुणीच हात वर केला नाही. पोपटाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. धूमकेतूवाल्या बाईंनी पर्स आवरायला घेतली. मागची रांग उठून जेवणाच्या लाइनीत गेलीसुद्धा. मी म्हणालो की, फोटोत मोजपट्टी का नाही, असंही कुणी विचारू शकतं. नाही विचारलं.
आमच्यात एक रीत आहे. कुणीच काही विचारलं नाही तर अध्यक्षांनी दयेपोटी एक प्रश्न विचारायचा, आणि तो नेहमी तोच असतो. त्यांनी घसा खाकरून विचारला. पुढे काय करायचा विचार आहे?
या प्रश्नाची स्लाइड नव्हती. तरी मी बटण दाबत राहिलो. स्लाइडीमागून स्लाइडी सरकत गेल्या, तापमान, आर्द्रता, ट्रेची जाडी, आणि शेवटी पडदा पांढरा झाला. मग मी म्हणालो, माहीत नाही. टाळ्या वाजल्या. लोक जेवायला गेले.
मॅडमनी हात धुवायच्या बेसिनजवळ गाठलं. मुदतवाढ नाकारली आहे, म्हणाल्या. समितीची बैठक मंगळवारी सकाळीच झाली, शनिवारपर्यंत थांबायची त्यांना गरज वाटली नाही. आहे तेवढं लिहून जूनपर्यंत प्रबंध दे. आठवडाभर तुला हेच सांगायला बघत होते, फोन लागेना म्हणून गुरुवारी तुझ्या घरीही केला होता. त्यांचे डोळे लाल दिसत होते. मी हात धूतच राहिलो.
घरी आलो. बायकोला विचारलं, तुला गुरुवारपासून माहीत होतं? ती हो म्हणाली. मग मला का नाही सांगितलंस?
ती म्हणाली, तू इतका खुशीत होतास, माझ्याच्याने सांगवेना.
लाज वाटली. अशी कधी वाटली नव्हती. आणि पुढे विचारायला मला एकही प्रश्न सुचला नाही.